राउटर रीसेट केला की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच: ऑफिसच्या राउटरचं डीएनएस आपोआप बदलत असेल तर

लक्षणं साधारण अशी. बँकेची साइट उघडली की ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. बातम्या वाचताना मध्येच भलत्याच जाहिराती उघडतात. सर्च करायला गेलं की ‘तुम्ही माणूसच ना?’ म्हणून दर वेळी चित्रं ओळखायला लावतात. पाठवलेले मेल परत येतात, कारण समोरच्या सर्व्हरने तुमचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) काळ्या यादीत टाकलेला असतो. त्याच टेबलावर, त्याच फोनवर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू केला की सगळं सुरळीत. मग कुणीतरी राउटर बंद-चालू करतं, किंवा मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट मारतं, आणि आठवडाभर शांतता. नंतर पुन्हा तेच रहाटगाडगं. अशा वेळी संशय राउटरच्या डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा जो सर्व्हर राउटरमध्ये नोंदलेला असतो त्याच्यावर: तो कुणीतरी बदललेला असू शकतो.

बारा जणांच्या एका ऑफिसात हे मी तीन वेळा निस्तरलंय. पहिल्या दोन वेळा मी जे केलं ते चुकीचं होतं, आणि दुसऱ्या वेळची चूक तर शुद्ध माझीच. ती पुढे येईलच.

आधी काहीच बंद-चालू करू नका

नेट बिघडलं की हात आपोआप राउटरच्या बटणाकडे जातो. तिथेच पहिला पुरावा पुसला जातो. छोट्या राउटरांचा लॉग बहुधा मेमरीतच असतो, वीज गेली की तोही जातो. म्हणून आधी राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) लॉगिन करा आणि फोनने फोटो काढा: सिस्टीम लॉग, जोडलेल्या उपकरणांची यादी, इंटरनेटचं पान, लॅन (ऑफिसचं आतलं नेटवर्क) आणि डीएचसीपीचं (आतल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीचं) पान, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आतल्या उपकरणापर्यंत उघडून दिलेली दारं), वापरकर्त्यांची यादी. दहा मिनिटांचं काम आहे. लॉगमधली तारीख १९७० किंवा अशीच काहीतरी जुनीपानी दिसली तर दचकू नका. राउटरला इंटरनेटवरून वेळ मिळत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. पण त्या लॉगवरून कोण कधी आत आलं हे कळणार नाही, तेव्हा वेळेची सेटिंग दुरुस्त करायच्या यादीत लिहून ठेवा.

‘बंद-चालू केलं की व्हायरस जातो’ ही समजूत कुठून आली तेही सांगतो, कारण ती पूर्ण खोटी नाही. मिराई नावाचा २०१६ सालचा बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज उभी करणारा व्हायरस) कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटरांमध्ये घुसायचा, पण तो फक्त मेमरीत राहायचा. वीज गेली की तोही गेला. पण त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती आणि तो सतत दारं वाजवत फिरायचा, त्यामुळे पासवर्ड न बदलता सुरू केलेलं उपकरण काही मिनिटांत पुन्हा त्याच्या ताब्यात. पुढे मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा राउटरांवरचा व्हायरस सापडला. किमान ५४ देशांतली ५ लाखांच्या आसपास उपकरणं त्यात अडकली होती, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर रीबूट करायला सांगितलं. सल्ला बरोबर होता, पण अर्धाच लोकांच्या लक्षात राहिला. रीबूटने त्याचे वरचे दोन थर जायचे. पहिला थर चिकटून राहायचा आणि उरलेले दोन परत खाली ओढायचा.

बिघाड राउटरात आहे की कॉम्प्युटरात?

हे न ठरवता रीसेट मारणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एकाच कॉम्प्युटरवर त्रास आणि बाकी सगळे ठीक असतील तर राउटरला हात लावू नका. त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कुणी हाताने डीएनएस टाकलंय का, प्रॉक्सी (नेटची सगळी ये-जा ज्याच्यातून होते तो मधला सर्व्हर) लावलाय का, होस्ट्स फाइलमध्ये (साइटचे पत्ते हाताने लिहून ठेवायची कॉम्प्युटरातली यादी) नको त्या ओळी आहेत का, ब्राउझरमध्ये अनोळखी एक्स्टेन्शन बसलंय का, हे बघा. त्रास सगळ्यांना, फोनलासुद्धा, आणि फक्त ऑफिसच्या वाय-फायवर होत असेल तर संशय राउटरवर.

इथे एक फसवी गोष्ट आहे. हल्लीचे ब्राउझर स्वतःचं सुरक्षित डीएनएस वापरू शकतात, म्हणजे राउटरला न विचारता नावांचे पत्ते परस्पर दुसरीकडून आणतात. त्यामुळे एका ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते आणि दुसऱ्यात नाही, असा प्रकार होतो. मग लोक ब्राउझरलाच दोष देऊन तो काढून टाकतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. तपासणीपुरती ही सोय ब्राउझरमध्ये बंद करा, मगच जे दिसेल त्यावर विश्वास ठेवा.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ ही कमांड दिली की दोन ओळी बघायच्या: डीएचसीपी सर्व्हर आणि डीएनएस सर्व्हर. डीएचसीपी सर्व्हरच्या जागी तुमच्या राउटरचा पत्ता असला पाहिजे. समजा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि इथे १९२.१६८.०.१ दिसतंय, तर नेटवर्कमध्ये दुसरा राउटर कुणीतरी लावलाय. बहुतेक वेळा कोपऱ्यात रेंज येत नाही म्हणून कुणीतरी जुना राउटर भिंतीच्या पॉइंटला जोडलेला असतो, तोही चुकीच्या पोर्टात. तो आपल्या मर्जीने पत्ते वाटत बसतो. सकाळी लवकर येणाऱ्याला एक पत्ता, उशिरा येणाऱ्याला दुसरा. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीमागे हल्लेखोराऐवजी असा एखादा उपद्‌व्यापी सहकारी निघाल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय.

डीएनएसच्या जागी राउटरचाच पत्ता दिसला तर मात्र हुरळून जाऊ नका. बहुतेक छोटे राउटर स्वतःला मध्ये ठेवतात: कॉम्प्युटर राउटरला विचारतो, राउटर पुढे कुणाला तरी. तो ‘पुढचा कुणी’ बदलला असेल तर कॉम्प्युटरवर त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून राउटरच्या आतच बघावं लागतं, आणि दोन ठिकाणी. इंटरनेट किंवा वॅनच्या पानावरचं डीएनएस हे एक, आणि लॅन किंवा डीएचसीपीच्या पानावरचं डीएनएस हे दुसरं. लोक पहिलं बघतात, बरोबर दिसतं, आणि सुटकेचा श्वास सोडतात. चोरट्याने दुसरं बदललेलं असतं.

तिथे जो पत्ता सापडेल तो कुणाच्या नावावर आहे ते हूइझ या इंटरनेटवरच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधा. तुमच्या इंटरनेट कंपनीचा असेल तर ठीक. ८.८.८.८ गूगलचा, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ९.९.९.९ क्वाड नाइनचा. हे कुणीतरी जाणूनबुजून टाकलेले असू शकतात. कुठल्यातरी दूरच्या होस्टिंग कंपनीचा पत्ता निघाला आणि तो टाकल्याचं ऑफिसात कुणालाच आठवत नसेल, तर निदान झालं.

एनएसलुकअप या कमांडने बँकेच्या साइटचा पत्ता दोन वेगवेगळ्या डीएनएसना विचारून ताडून बघा असंही सांगितलं जातं. करा, पण उत्तरं वेगळी आली म्हणून लगेच बोंब मारू नका. मोठ्या साइट जागोजागी सर्व्हर ठेवतात आणि दर वेळी वेगळा पत्ता देतात. उलट बाजूही आहे. राउटरच पोर्ट ५३ (डीएनएसची विचारणा ज्या क्रमांकाच्या दारातून जाते ते) वरची सगळी विचारणा स्वतःकडे वळवत असेल तर तुम्ही ९.९.९.९ ला विचारलं तरी उत्तर राउटरच्याच पसंतीचं येणार. प्रमाणपत्राची सूचना, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती ‘कनेक्शन सुरक्षित नाही’, याहून जास्त भरवशाची. बँकेच्या साइटवर ती आली आणि कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर असेल, तर ‘तरीही पुढे जा’ कुणीही दाबायचं नाही, अगदी मालकांनीसुद्धा.

निरपराध कारणही तपासा. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर असेल तर कंपनी तो दुरून चालवू शकते, आणि एखाद्या देखभालीनंतर सेटिंगं मूळपदावर येऊ शकतात. ते कारस्थान नसतं. मात्र त्या सोयीचं दारही दारच असतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच दुरून-देखभालीच्या पोर्टवर, म्हणजे ७५४७ वर, मिराईच्या एका भाईबंदाने हल्ला चढवला तेव्हा जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं होतं.

परत का येतं

पहिल्या वेळी मी रीसेट मारला, इंटरनेटची केबल जोडलेलीच होती. रीसेट म्हणजे राउटर कारखान्यातून आला तसा होतो, आणि त्यात कारखान्याचा पासवर्डही आला. माझ्या आधी ज्याने कुणी तो राउटर हाताळला होता त्याने ज्या दारातून प्रवेश केला, ते दार मी झाडूनपुसून पुन्हा उघडून ठेवलं. नवा पासवर्ड मी टाकला तो अर्ध्या तासाने, आधी सगळ्यांचं नेट सुरू करून दिल्यावर, कारण ऑफिसात ओरड चालली होती. अर्धा तास खूप होतो.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. केबल काढली, रीसेट केला, पासवर्ड बदलला. आणि मग वेळ वाचावा म्हणून जुन्या सेटिंगचा बॅकअप चढवला. त्या फाइलमध्ये सगळं होतं: वाय-फायचं नाव, पोर्ट फॉरवर्डिंग, दुरून लॉगिन करायची परवानगी, आणि ‘सपोर्ट’ नावाचा एक जादा वापरकर्ता, जो आमच्यापैकी कुणीच केलेला नव्हता. बॅकअप घेतला गेला होता पहिल्या घुसखोरीनंतर. चोराला घालवून दिलं आणि त्याची पथारी परत जागच्या जागी अंथरून दिली.

याचाच मोठा नमुना मे २०२५ मध्ये समोर आला. ग्रेनॉइझ या सुरक्षा कंपनीने सांगितलं की असूसच्या ९ हजारांहून अधिक राउटरांमध्ये कुणीतरी मागचं दार बसवलंय. त्यासाठी वेगळा व्हायरस टाकलेला नव्हता. राउटरच्याच अधिकृत सेटिंगमधून दुरून प्रवेश सुरू करून हल्लेखोराने आपली किल्ली नोंदवून ठेवली होती. सेटिंगं कायमच्या मेमरीत राहतात, म्हणून रीबूट केलं तरी आणि फर्मवेअर (राउटरच्या आतला मूळ प्रोग्रॅम) नवं टाकलं तरी ते दार शाबूत. फर्मवेअर अपडेटने पुढची घुसखोरी थांबते, झालेली धुतली जात नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

धोका नेहमी बाहेरूनच येतो असंही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने स्विचर नावाचा अँड्रॉइड ट्रोजन (साध्या ॲपचं सोंग घेतलेला व्हायरस) उघडकीला आणला. तो फोनमध्ये बसायचा, फोन वाय-फायला जोडला की त्या राउटरच्या लॉगिन पानावर नेहमीचे पासवर्ड मारून बघायचा, आणि एखादा लागला की डीएनएस बदलून टाकायचा. राउटर बाहेरून कितीही बंद असो, हा आतून येतो. त्याच्या कितीतरी आधीच्या डीएनएसचेंजर या व्हायरसचीही हीच युक्ती होती: कॉम्प्युटरचं डीएनएस बदलायचं आणि जमलं तर कारखान्याच्या पासवर्डवरचा राउटरही. नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली गेली तेव्हा बाधित कॉम्प्युटर ४० लाखांच्या वर होते. इतक्या लोकांचं नेट एकदम बंद पडू नये म्हणून न्यायालयाच्या परवानगीने टोळीच्या सर्व्हरांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवावे लागले, आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले.

तुमच्या बाबतीत बाहेरून की आतून, याचा अंदाज एका पत्त्यावरून येतो. राउटरच्या इंटरनेट पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा १० ने अथवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे किंवा आणखी एखाद्या राउटरमागे आहात. साध्या आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत, नवी ती आयपीव्ही६) वरून सगळ्या जगाला तुमचं दार थेट दिसत नाही. तरीही डीएनएस बदलतंय तर आधी आतल्या फोन-कॉम्प्युटरांवर, मग आयपीव्ही६ वर संशय घ्या. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला जगातून दिसणारा पत्ता मिळू शकतो. राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती ये-जा अडवणारी सोय) सुरू आहे का हे बघायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही.

तिसऱ्या वेळी केलं ते, क्रमाने

क्रम महत्त्वाचा, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सुरुवात कागदावर. इंटरनेट कनेक्शनचं नाव-पासवर्ड म्हणजे पीपीपीओईची माहिती आणि कंपनीने दिला असेल तर व्हीलॅनचा (एकाच केबलवर वेगळी नेटवर्कं पाडायच्या सोयीचा) आकडा लिहून घ्या. तो मिळत नसेल तर कंपनीला फोन करून मिळेपर्यंत रीसेट करू नका, नाहीतर शनिवारी संध्याकाळी ऑफिस नेटविना आणि तुम्ही हेल्पलाइनवर गाणी ऐकत बसाल. मग राउटरच्या खालच्या स्टिकरवरून मॉडेल आणि त्याचं व्हर्जन बघा (एकाच नावाची दोन-तीन व्हर्जनं असतात आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं तर राउटरची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो). बनवणाऱ्याच्या साइटवरून नवं फर्मवेअर मोबाइल डेटावर, खात्रीच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा. साइटवर त्या मॉडेलला शेवटचं अपडेट येऊन वर्षं लोटली असतील, किंवा ‘आधार संपला’ असं लिहिलेलं असेल, तर पुढचं काही करू नका. नवा राउटर घ्या. मे २०२५ मध्ये एफबीआयने नेमक्या अशाच, आधार संपलेल्या राउटरांबद्दल इशारा दिला होता: ते ताब्यात घेऊन दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले जात होते. तुमचा आयपी काळ्या यादीत जातो तो असाच. जाहिराती आणि मेल परत येणं हा एकाच दुखण्याचा भाग असू शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता इंटरनेटची केबल उपटा. वाय-फायवरचे सगळे लोक सुटू द्या. रीसेटचं बटण दिवे बदलेपर्यंत दाबून धरा. तो खात्रीचा लॅपटॉप नेटवर्क केबलने जोडा, राउटरच्या पानावर जा, आणि पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड. लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तरी चालेल, पण वाय-फायचाच पासवर्ड इथे नको. वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांपासून ऑफिस बॉयपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. ब्राउझर ‘सेव्ह करू का?’ विचारेल त्याला नाही म्हणा. वापरकर्त्याचं नाव बदलू देत असेल तर तेही बदला.

मग उतरवलेलं फर्मवेअर फाइलमधून टाका. काही राउटर नव्या फर्मवेअरनंतर आणखी एकदा रीसेट केलेले बरे असतात. तसं केलंत तर पासवर्ड पुन्हा टाकायला विसरू नका, मी विसरलोय.

यानंतर बंद करायच्या गोष्टी. दुरून लॉगिन म्हणजे रिमोट मॅनेजमेंट बंद. टेलनेट (राउटरला दुरून कमांड द्यायची जुनी वाट) बंद. क्लाउडवरून ॲपने राउटर चालवायची सोय खरोखर वापरत नसाल तर तीही बंद. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटणाने किंवा पिनने वाय-फायला जोडायची सोय) बंद: त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा हिशोबाने ठरतो, त्यामुळे खरे पर्याय उरतात अवघे ११ हजार. ही गोष्ट २०११ च्या डिसेंबरपासून जगजाहीर आहे आणि तरीही ते बटण अजून सुरू सापडतं. यूपीएनपी बंद. याने काही गेम आणि कॅमेऱ्यांची ॲपं कुरकुरतील, पण आतलं कुठलंही उपकरण न विचारता बाहेरचं दार उघडू शकतं ही सोय ऑफिसात कशाला हवी? पोर्ट फॉरवर्डिंगचं पान रिकामं असलं पाहिजे.

वाय-फायच्या सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए३ चालत असेल तर ते, जुनी उपकरणं रुसली तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. नाव आणि पासवर्ड दोन्ही नवे. सेटिंगं हाताने टाका. बॅकअप फाइलला स्पर्शही करू नका, खरं तर ती पुसूनच टाका. डीएनएस दोन्ही पानांवर स्वतः भरा, म्हणजे पुढे बदललं तर लगेच कळेल. मूळ जागा ‘आपोआप’वर ठेवली तर कुणी बदललं की कंपनीने, हा घोळ कायम राहतो.

आता केबल लावा. आणि लगेच ‘जमलं’ असं जाहीर करू नका. कॉम्प्युटर आणि फोन जुनं डीएनएस डीएचसीपीची मुदत संपेपर्यंत धरून बसतात, ती मुदत बऱ्याच राउटरांत २४ तास असते. म्हणून रीसेटनंतर दोन तासांनी कुणी ‘अजून तसंच आहे’ म्हणालं तर राउटरवर पुन्हा तुटून पडू नका. त्यांचं वाय-फाय काढून पुन्हा जोडायला लावा किंवा कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोजवर डीएनएसची साठवण ‘आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस’ने रिकामी होते.

बाहेरून परीक्षा घ्यायची तर फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून ऑफिसचा बाहेरचा आयपी ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान उघडलं तर कुठेतरी चुकलंय. ऑफिसातूनच ही चाचणी केली तर काही राउटर आतल्या माणसाला पान दाखवतात आणि तुम्ही उगीच घाबरता.

डीव्हीआर, पाहुणे आणि रिमोट डेस्कटॉप

राउटर धुतला तरी खोली तीच, आणि खोलीत बाकीची मंडळी आहेतच. बसवून गेल्यापासून कुणी हात न लावलेला कॅमेऱ्यांचा डीव्हीआर हा त्यातला सगळ्यात वाईट शेजारी. बसवणाऱ्याने मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून पोर्ट उघडून दिलेला असतो, पासवर्ड कारखान्याचा, आणि तो हिशोबाच्या कॉम्प्युटरच्या शेजारच्याच पत्त्यावर बसलेला. त्याला वेगळं काढा. राउटरचं गेस्ट नेटवर्क इथे उपयोगी पडतं असं सगळे सांगतात, पण ते बहुधा फक्त वाय-फायपुरतं असतं. डीव्हीआर केबलने जोडलेला असेल तर तो मुख्य नेटवर्कमध्येच राहतो. त्यासाठी व्हीलॅन करू शकणारा स्विच आणि राउटर लागतो. तेवढी तयारी नसेल तर ज्या राउटरला गेस्टसाठी वेगळा लॅन पोर्ट राखून ठेवता येतो तसा घ्या.

पाहुणे आणि कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन गेस्टवरच. स्विचरसारखं काही फोनमध्ये आलं तरी गेस्टवरून राउटरचं लॉगिन पान दिसता कामा नये. ते दिसतंय का हे स्वतः गेस्टला जोडून बघा, सेटिंगमधल्या टिकमार्कवर विसंबू नका. लगेच एक तक्रार येईल: फोनवरून प्रिंट निघत नाही. प्रिंटर मुख्य नेटवर्कवर आहे म्हणून. माझं उत्तर ठरलेलं असतं: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल करा आणि तिथून काढा. दोन वेळा कुरकुर होते, तिसऱ्या वेळी सवय लागते.

घरून काम करण्यासाठी रिमोट डेस्कटॉपचा (ऑफिसचा कॉम्प्युटर दुरून चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडलेला असेल तर तो आत्ताच बंद करा, हे वाचून झाल्यावर नाही. पोर्टचा आकडा बदलून काही साधत नाही, शोधणारे सगळेच आकडे ठोठावतात. राउटरमध्येच व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा कुलूपबंद बोगदा) असेल तर आधी व्हीपीएन आणि त्यातून रिमोट डेस्कटॉप. त्यातला वायरगार्ड हा प्रकार असेल तर उत्तम: मांडायला सोपं, आणि योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून ठोठावणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

आणि ज्या कॉम्प्युटरवरून राउटरचा जुना पासवर्ड टाकला जायचा, त्याची तपासणी राउटरच्या आधी व्हायला हवी होती, नंतर नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारे प्रोग्रॅम भरपूर आहेत. तो कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेटांची नोंदणी केलेली नसेल तर त्याच्यावरून बँक आणि राउटर दोन्ही बंद. या काळात ज्यांनी कुणी बँक किंवा मेल उघडला असेल त्यांनी ते पासवर्ड स्वच्छ उपकरणावरून बदलायचे आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करायची. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळ्यात आधी टाळलं जातं.

पुढचे पंधरा दिवस

त्या ऑफिसात मी राउटरच्या दोन्ही डीएनएस पानांचे फोटो छापून त्याच्याच बाजूला चिकटवले. दर सोमवारी सकाळी हिशोब बघणाऱ्या ताई राउटरचं पान उघडून चारही पत्ते कागदाशी ताडून बघतात, वापरकर्त्यांच्या यादीत एकच नाव आहे का ते बघतात, आणि तारीख टाकून सही करतात. अडीच मिनिटं लागतात. आठव्या दिवशी मी स्वतः गेलो होतो, पंधराव्या दिवशीही. पत्ते तेच.

तुमच्याकडे एवढं करूनही बदललं तर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि त्या वेळी कोणतं उपकरण जोडलेलं होतं, एवढं लॉगमधून काढा. वेळेची सेटिंग दुरुस्त करायला सांगितलं होतं ते यासाठीच. दर वेळी ठरावीक फोन किंवा लॅपटॉप आल्यावर बदलत असेल तर तो बाजूला काढून दोन दिवस बघा. तसं काहीच जुळत नसेल, तर राउटर बदला आणि नवा जोडण्याआधी ॲडमिनचा पासवर्ड ठरवून घ्या. जुना भंगारात देताना एकदा रीसेट करून द्या, तुमच्या कनेक्शनचं नाव-पासवर्ड आणि वाय-फायची किल्ली अजून त्याच्या पोटात असते.